पानावरचा सा, वाद्यावरचा पंचम

पहाटे ५:३०

उन्हाळ्यात सोलापुरात ट्रम्पेट वाजवायचा तर पहाटेच. दहा वाजून गेले की हवा कोरडी पडते, ओठ सुकतात आणि वरचे सूर फाटायला लागतात. सुरुवातीला नुसतं माऊथपीस, मग लांब सूर, मग आर्बनच्या पुस्तकातला एखादा पाठ. जाँ-बाप्तिस्त आर्बन हे पॅरिसच्या संगीत विद्यालयातले शिक्षक. त्यांचं १८६४ साली आलेलं पुस्तक आजही जगभरच्या ट्रम्पेटवादकांच्या स्टँडवर असतं. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून घंटेत म्यूट बसवतो. अर्ध्या तासात पूर्वभागातले यंत्रमाग सुरू होतील, मग म्यूट काढला तरी कुणाची तक्रार नसते.

मी लष्कराच्या बँडमध्ये होतो. नोटेशन वाचायला शिकलो ते पचमढीला, मिलिटरी म्युझिक विंगमध्ये. १९५० साली जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने सुरू झालेली ही संस्था नसती, तर माझ्यासारख्या कितीतरी पोरांच्या हातात छापील पार्ट कधी पडलाच नसता. निवृत्तीनंतर सोलापुरात शिकवतो. सध्या एक विद्यार्थी युरोपातल्या एका संगीत महाविद्यालयाच्या आणि तिथल्या युवा वाद्यवृंदाच्या ऑडिशनची तयारी करतो आहे. त्याच्या घरात लग्नाचा बँड आहे. आजोबांपासून सगळे वरातीत वाजवणारे आणि सगळे कानाने शिकलेले. त्याची नोटेशनची फाइल तयार करणं हे माझं आजचं काम.

सकाळी ७:००

चहा घेता घेता यादी पुन्हा वाचतो. ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला मनाला येईल ते वाजवून चालत नाही. ठरलेले उतारे येतात आणि ते जगभर साधारण सारखेच असतात. पहिल्या फेरीत हायडनच्या ट्रम्पेट कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागाची सुरुवात. मग ऑर्केस्ट्रातले तुकडे: बीथोव्हेनच्या ‘लिओनोरा’ क्रमांक ३ मधली रंगमंचामागून येणारी तुतारी, महलरच्या पाचव्या सिम्फनीचा आरंभ, मुसॉर्ग्स्कीच्या ‘चित्रप्रदर्शना’तलं ‘प्रोमनाड’, चायकोव्हस्कीची चौथी, ड्वोरझाकची नववी, स्त्राविन्स्कीच्या ‘पेत्रुश्का’तला बाहुलीचा नाच.

एकेक उतारा जेमतेम अर्धा-एक मिनिटाचा. पण त्या मिनिटात परीक्षकांना वादकाचा सूर, ताल, श्वास, आवाजाची जात आणि समज, सगळं कळतं. हायडनने हा कॉन्चेर्टो १७९६ मध्ये व्हिएन्नाच्या आंटोन वाइडिंगरसाठी लिहिला. तोवर ट्रम्पेटला खालच्या सप्तकात सलग सूर काढता येत नसत. वाइडिंगरने भोकं आणि चाव्या बसवलेला ट्रम्पेट हाती घेतला आणि १८०० साली ही रचना लोकांसमोर वाजवली. सुरुवातीचा तो साधा, चढत जाणारा स्वरक्रम त्या काळी या वाद्यासाठी नवलाचा होता. हे ठाऊक असलेला मुलगा तो स्वरक्रम कधीच सरावाची पट्टी म्हणून वाजवणार नाही. म्हणून यादीतल्या प्रत्येक नावापुढे मी साल, वाद्याचा प्रकार आणि दोन ओळींची हकिकत लिहितो.

सकाळी ८:३०

आता शोध. पहिला मुक्काम इंटरनेटवरचं पेत्रुची संगीत ग्रंथालय, ज्याला सगळे आयएमएसएलपी म्हणतात. एडवर्ड ग्वो नावाच्या संगीताच्या विद्यार्थ्याने २००६ मध्ये ते सुरू केलं. ओत्ताव्हियानो पेत्रुचीने १५०१ मध्ये व्हेनिसला बहुस्वरी संगीताचं पुस्तक खिळ्यांनी छापून काढलं, त्याचं नाव या ग्रंथालयाला दिलं आहे. एका युरोपीय प्रकाशकाने कायदेशीर पत्र पाठवल्यावर २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ते बंद पडलं, आणि पुढच्या वर्षी जूनअखेरीला पुन्हा उघडलं. सोलापुरातल्या खोलीत बसून बीथोव्हेनचा मूळ पार्ट उतरवून घेता येतो, त्यामागे कुणीतरी दिलेली लढत आहे, हे मी मुलांना आवर्जून सांगतो.

महाराष्ट्राला ही धडपड परकी नाही. मुंबईत वकिली केलेल्या विष्णू नारायण भातखंड्यांनी रामपूर, जयपूर अशा ठिकाणी फिरून घराण्यांच्या बंदिशी मिळवल्या, लिपीबद्ध केल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. उस्तादांच्या कंठात कुलूपबंद असलेली विद्या शाळेतल्या पोरापर्यंत पोचली ती कागदामुळे. त्यांच्या कामाचं मोल ज्याला कळलं, त्याला नोटेशनचा शोध ही कारकुनी वाटणार नाही.

शोधताना काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या. रचनेच्या पानावर पूर्ण स्कोअर, पियानोसाठी केलेली रूपांतरं आणि वाद्यवार पार्ट असे वेगवेगळे विभाग असतात. आपल्याला हवा तो ‘पार्ट’, आणि तोही पहिल्या ट्रम्पेटचा. कॉर्नेटचा पार्ट वेगळा असतो. ‘पेत्रुश्का’च्या १९११ च्या आवृत्तीत बाहुलीचा नाच कॉर्नेटला दिला आहे आणि १९४७ च्या आवृत्तीत ट्रम्पेटला. यादीत कोणतं साल लिहिलंय ते न पाहता पान छापलं तर महिनाभर चुकीचाच सराव होतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, आज लागू असलेली मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. महलर १९११ मध्ये गेले, राव्हेल १९३७ मध्ये, बार्टोक १९४५ मध्ये. त्यांच्या रचना आपल्याकडे खुल्या आहेत. स्त्राविन्स्की १९७१ मध्ये गेले, म्हणजे ‘पेत्रुश्का’ २०३१ संपेपर्यंत खुलं होणार नाही. त्याचं पान विकतच घ्यायचं. जिवंत परंपरेतून पोट भरायचं स्वप्न पाहणाऱ्या मुलाने रचनाकाराचा हक्क पहिल्या दिवसापासून पाळावा, हा माझा आग्रह आहे.

सकाळी ११:००

पार्ट मिळाले की काम संपलं असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर दिवसाचा सगळ्यात मोलाचा वेळ इथून सुरू होतो. प्रत्येक पार्टशेजारी पूर्ण स्कोअर उघडतो आणि दोन्ही ताडून पाहतो.

महलरची पाचवी घ्या. १९०१-०२ मध्ये लिहिलेली, १९०४ मध्ये कलोनला पहिल्यांदा वाजलेली. सुरुवातीला ऑर्केस्ट्रा पूर्ण गप्प आणि एकटा ट्रम्पेट शवयात्रेची हाक देतो. तीन-तीन सुरांचे छोटे झटके, मग लांब सूर. पानावर ते झटके अगदी सारख्या लांबीचे दिसतात. पण महलरने तळटीप दिली आहे की हे झटके किंचित घाईने, पुढे ढकलल्यासारखे, लष्करी तुतारीच्या धाटणीने वाजवावेत. उताऱ्यांच्या नुसत्या नकलेवर विसंबलं तर ही टीप निसटू शकते. महलरचं बालपण इग्लाऊ या छावणीच्या गावात गेलं. बराकीतला बँड ऐकतच तो वाढला. लष्करी बँडमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला ती टीप वाचताना काय वाटतं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. माझ्या पलटणीत पहाटे वाजणारी हाक आणि जगातल्या सगळ्यात अवघड उताऱ्यांपैकी एक, यांचं नातं खुद्द रचनाकाराने लिहून ठेवलेलं आहे. आणि महलर ही सिम्फनी शेवटपर्यंत दुरुस्त करत राहिला, त्यामुळे जुनी छपाई आणि नंतरची चिकित्सक आवृत्ती यांत फरक आहेत. तेही लाल पेन्सिलीने नोंदवतो.

‘प्रोमनाड’ची तऱ्हा निराळी. मुसॉर्ग्स्कीने चित्रकार मित्र हार्टमानच्या मृत्यूनंतर भरलेलं त्याच्या चित्रांचं प्रदर्शन पाहून १८७४ मध्ये ही रचना पियानोसाठी लिहिली. १९२२ मध्ये राव्हेलने तिला ऑर्केस्ट्राचं रूप दिलं आणि पहिली ओळ एकट्या ट्रम्पेटच्या हाती सोपवली. पाच मात्रांचं एक माप, सहाचं दुसरं. एका चित्रापासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या माणसाची चाल आहे ती. ट्रम्पेटमागोमाग पितळी वाद्यांचा सगळा ताफा तीच ओळ सुरावटीत भरून वाजवतो, म्हणून ट्रम्पेटला त्या ताफ्याला पेलेल असा आवाज लावावा लागतो. एकट्या पार्टमध्ये हे दिसत नाही. तिथे फक्त विराम आणि मापांचे आकडे असतात.

‘लिओनोरा’ क्रमांक ३ सगळ्यात सोपी दिसते: मोजके सूर, एकाच आरोहातले. पण ती हाक येते रंगमंचामागून. बीथोव्हेनच्या ऑपेरात अंधारकोठडीत कैद्याचा खून होणार तेवढ्यात ती वाजते आणि मंत्री पोचल्याचं कळतं. दोनदा वाजते. दुसरी हाक पहिलीपेक्षा जवळची वाटावी लागते. क्रमांक २ मध्येही अशीच हाक आहे, पण वेगळ्या सुरात आणि वेगळ्या घाटाची. यादीत आकडा कोणता आहे ते पुन्हा तपासतो.

दुपारी १:३०

शेंगाची चटणी, कडक भाकरी, दही. बाहेर रस्ता ओस पडलेला. जेवण झालं की पडदे ओढून ऐकायला बसतो, पान समोर ठेवूनच.

शिकागो सिम्फनीचे ॲडॉल्फ हर्सेथ १९४८ ते २००१ पहिल्या ट्रम्पेटच्या खुर्चीवर होते. त्यांची महलरची सुरुवात ऐकली की आवाजाची रुंदी म्हणजे काय ते कळतं. मग न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे फिलिप स्मिथ. ते तिथे दाखल झाले १९७८ मध्ये, ज्या वर्षी मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता त्या ऑर्केस्ट्राचे संगीत दिग्दर्शक झाले. स्मिथ मुळात सॅल्व्हेशन आर्मीच्या बँडमधले. वडील कॉर्नेटवादक, त्यांच्याकडेच शिकले. १८८२ मध्ये हीच सॅल्व्हेशन आर्मी मुंबईच्या रस्त्यांवर वाजतगाजत उतरली होती. रस्त्यावरच्या बँडमधून ऑर्केस्ट्राच्या पहिल्या खुर्चीपर्यंतची वाट दुसऱ्या कुणीतरी चाललेली आहे, हे माझ्या विद्यार्थ्याला कळायला हवं. स्मिथ यांनी ऑडिशनचे उतारे बोलून समजावत वाजवलेली एक ध्वनिमुद्रिकाही आहे. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या डिजिटल दफ्तरात लेनर्ड बर्नस्टाइनच्या हाताच्या खुणा असलेले स्कोअर घरबसल्या पाहता येतात.

झोप येऊ नये म्हणून उभा राहून ऐकतो. जिथे वादक श्वास घेतो तिथे पानावर स्वल्पविराम टाकतो.

दुपारी ४:००

मुंबईच्या दुकानात फोन. धोबीतलावचं फुर्टाडोज १८६५ पासून आहे. गिरगाव-माझगावच्या गोवेकर वादकांच्या कित्येक पिढ्यांनी तिथून नोटेशन नेलं. पुस्तक तिथे नसलं तर परदेशातून मागवायचं. ‘ऑर्खेस्टर प्रोबेश्पील’ हे जर्मन प्रकाशक पेटर्सचं ट्रम्पेटच्या उताऱ्यांचं पुस्तक जवळ असावंच. पेत्रुश्कासारखी हक्काखालची पानं अशा अधिकृत पुस्तकातून घेता येतात.

मग झेरॉक्सचं दुकान. ऑर्केस्ट्राचे पार्ट ए-फोरपेक्षा मोठ्या आकाराचे असतात. आहे तसं छापलं तर सूर मुंगीएवढे होतात आणि कडेचे मापांचे आकडे कापले जातात. दुकानदाराला आता सवय झाली आहे. जाड कागद, एकाच बाजूला छपाई, डावीकडे फीत. जिथे पान उलटायला विराम नाही तिथे दोन पानं शेजारी चिकटवायची. ऑडिशनच्या वेळी थरथरत्या हाताने पान उलटायची पाळी येता कामा नये.

सायंकाळी ५:३०

मुलगा आणि त्याचे वडील दोघंही येतात. वडील क्लॅरिनेट वाजवतात. लग्नसराई असल्याने रात्री त्यांना वरात आहे. फाइल चाळून ते विचारतात, “मास्तर, पोरगं ऐकून वाजवायलंय की. कागद एवढा कशाला लागतो?”

मी म्हणतो, “दादा, तुमच्या बँडमध्ये सगळे एकमेकांकडे बघून सावरून घेता. तिथं ऐंशी माणसं बसतात. कुणी कुणाला न विचारता सगळ्यांनी एकाच क्षणी एकच गोष्ट करायची, तर ती कुठंतरी लिहिलेली पाहिजे. आणि तुम्ही वाजवता ती जुनी सिनेमाची गाणीसुद्धा मूळ कागदावरनंच वाजलेली आहेत.” ते खरंच आहे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्व्हिस, ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड या गोवेकरांनी हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत वादकांसाठी पानंच्या पानं लिहिली. त्यातली फार थोडी जपली गेली. गाणी उरली, आणि बँडवाल्यांनी ती कानाने उचलली.

मुलाबरोबर आजचा विषय आहे सूर बदलून वाचणं. ऑर्केस्ट्रातल्या ट्रम्पेटवादकाला हे येत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. जुन्या काळी ट्रम्पेटला चाव्या नव्हत्या. रचनेची जी पट्टी त्याप्रमाणे नळी बदलत आणि रचनाकार प्रत्येक वेळी पानावर ‘सा’पासूनच लिहीत. ती पद्धत पार्टवर तशीच राहिली. म्हणून चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिम्फनीत ट्रम्पेट ‘एफ’मध्ये लिहिलेला, ड्वोरझाकच्या नवव्या सिम्फनीच्या शेवटच्या भागात ‘ई’मध्ये, तर ‘लिओनोरा’ क्रमांक ३ ची हाक ‘बी-फ्लॅट’मध्ये. आजचा वादक मात्र एकच वाद्य हातात धरून हे सगळं जागच्या जागी बदलून वाजवतो. पुस्तकं हे अंतरांच्या तक्त्यांनी शिकवतात. मी पेटीवर बसवून शिकवतो, कारण आपल्या पोरांना सा हलवण्याची सवय जन्मापासून असते.

बी-फ्लॅट ट्रम्पेटचा सा म्हणजे पेटीवरची काळी पाच. पार्ट ‘सी’मध्ये असला तर त्याचा सा पांढरी एक, म्हणजे पानावरचा सा आपल्या वाद्यावर रे होतो. पार्ट ‘डी’मध्ये असला तर सा होतो गंधार. ‘ई-फ्लॅट’मध्ये असला तर मध्यम. ‘ई’मध्ये तीव्र मध्यम. ‘एफ’मध्ये पंचम. ‘ए’मध्ये असला तर सा खालच्या निषादावर उतरतो. एवढी सात स्थानं पाठ झाली की कोणतंही पान समोर येऊ द्या. आधी सा कुठे बसतो ते गाऊन पाहायचं, मग वाजवायचं. जर्मन पानांवर एक सावधगिरी: तिथे ‘बी’ लिहिलं असेल तर तो आपला बी-फ्लॅट असतो.

ड्वोरझाकचं पान समोर ठेवतो. तीव्र मध्यमावर सा, सगळ्यात अडचणीची जागा. मुलगा आधी अडखळतो. मग डोळे मिटून सरगम गातो आणि पुन्हा वाजवतो. सूर जागेवर बसतात. वडील मान डोलावतात. कागदाचं काम त्यांना आता पटलेलं दिसतं.

रात्री ८:००

सराव-ऑडिशन. खोलीत दोरी बांधून तिच्यावर सोलापुरी चादर टाकतो. मुलगा चादरीपलीकडे, मी अलीकडे, हातात स्कोअर. बोस्टन सिम्फनीने १९५२ मध्ये पडद्यामागून ऑडिशन घ्यायला सुरुवात केली आणि पुढे अनेक ऑर्केस्ट्रांनी ती पद्धत उचलली. वाजवणारा बाई की पुरुष, काळा की गोरा, कुणाचा शिष्य, हे परीक्षकांना कळू नये म्हणून. आपल्याकडे आडनाव सांगितलं की निम्मा निकाल लागतो. पडद्यापलीकडे आडनाव पोचत नाही. पोचतो तो फक्त सूर, आणि तो पानाशी किती इमान राखतो एवढंच मोजलं जातं.

उतारे यादीच्या क्रमाने मागत नाही. हायडननंतर लगेच महलर, मग पेत्रुश्का, मग ‘लिओनोरा’. शेवटच्या हाकेसाठी त्याला वाड्याच्या मागच्या बोळात पाठवतो. भिंतींवरून फिरून आलेला सूर दुसऱ्या वेळी खरोखर जवळ आल्यासारखा वाटतो. महलरचे झटके अजून फार मोजून-मापून येतात. तळटीप त्याला पुन्हा वाचायला लावतो. “वरातीत पुढं निघायचा इशारा कसा देतोस? तसा दे.” पुढच्या खेपेला ते झटके पुढे झेपावतात. घरात मिळालेलं शिक्षण आणि पानावर लिहिलेली सूचना इथे एकत्र येतात. वरातीत वाढलेल्या मुलाकडे परीक्षकांना देण्यासारखं खूप आहे. ते कुठे आणि कसं द्यायचं, हे त्याला पान सांगतं.

रात्री १०:००

मुलगा वडिलांबरोबर वरातीला गेला. मी वहीत उद्याचं काम लिहितो: महलरच्या दोन आवृत्त्यांतले उरलेले फरक, चायकोव्हस्कीच्या पानावर श्वासाच्या जागा, रेस्पीगीच्या ‘रोमचे पाइन’मधला पडद्यामागचा एकल भाग. हा सध्याच्या यादीत नाही, पण पुढच्या एखाद्या यादीत येईलच.

मुंबईत २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. एनसीपीएने, खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांच्या पुढाकाराने तो उभा केला. त्यात आजही मोठ्या संख्येने वादक बाहेरून येतात. नौदलाचे, लष्कराचे, पोलिसांचे बँड आहेत, तिथेही नोटेशन वाचणारा हवाच असतो. जागा आहेत आणि फुंकणारी छाती तर सोलापुरात गल्लोगल्ली आहे. मधला दुवा तेवढा तुटलेला होता: योग्य पान, योग्य आवृत्तीचं, योग्य सुरातलं, आणि ते समजावून सांगणारं कुणीतरी.

म्हणून खुल्या झालेल्या रचनांची प्रत्येक फाइल मी दोन प्रतींत बांधतो. एक विद्यार्थ्याची, एक कपाटात. कुठल्याही बँडमधल्या पोराने यावं, बसावं, उतरवून घ्यावं. निवड कुणाची होईल ते पडद्यापलीकडचे ठरवतील. पण पान हाती आलं नाही म्हणून सोलापूरचं लेकरू मागे राहिलं, असं यापुढे होऊ न देणं आपल्या हातात आहे.